पावणेसातची हजेरी

"कोंडाजी ठोंबरे आठ दिवस ॲसिडच्या टाकीवर फिरकला नाय आणि तुमच्या यादीत हजर! मी एक माणूस कमी घेऊन काम ओढतोय. हे काय चाललंय, झाकीरभाई?" फोरमन कमलेशने यादी टेबलावर आपटली.

हजेरी सांभाळणाऱ्या झाकीरने चष्मा पुसून यादी वाचली. एक मंगळवार सोडला तर कोंडाजीची हजेरी रोज लागली होती. तीही पावणेसातला. पहिली पाळी साडेसातची.

झाकीरचा चेहरा उतरला. साजगावच्या या तारेच्या कारखान्यात हजेरीचं यंत्र त्यानेच भांडून आणलं होतं. काचेवर अंगठा ठेवायचा, खालून तांबडा उजेड पडतो, आतला इवला कॅमेरा रेषांचा फोटो काढतो आणि नोंदलेल्या ठशांशी ताडून बघतो. जुळलं तर टिंग, नाही जुळलं तर घर्र. यंत्र बाहेर ऑफिसच्या खिडकीशेजारी भिंतीवर होतं, नावं उमटायची ती आत कम्प्युटरवर. ऑफिसातली माणसं मात्र अजून वहीत सही करायची, झाकीरसुद्धा. यंत्राचं कौतुक तो कामगारांनाच सांगायचा.

"पावणेसातला फाटकाच्या आत असतं कोण?" कमलेशने विचारलं.

"कोण असणार? झाडायला श्रद्धा येते," झाकीर म्हणाला आणि थांबला.

श्रद्धा म्हणजे कोंडाजीचीच मुलगी. बापाचा पाय ओढ्यावर घसरून मोडला होता, घरात सध्या तिचा एकटीचाच पगार येत होता, आणि पुढच्या महिन्यात ती कायम व्हायची होती. झाकीरने मंगळवारची यादी काढली. त्या दिवशी श्रद्धाही गैरहजर. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि कुठं ते त्याला आता दिसायला लागलं.

मंगळवारी तो स्वतः असता तर दोघांची गैरहजेरी तेव्हाच त्याच्या नजरेत आली असती. पण त्या दिवशी दहिवलीला भाचीचा, उमैमाचा निकाह होता, आणि मामाने रजा काढली नसती तर बहिणीने जन्मभर ऐकवलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखाच सगळ्यांच्या आधी आला. नेहमीसारखीच रुमालाने काच पुसली, अंगठा टेकवून पाहिला. टिंग. यंत्र ठणठणीत. मग तो टेंपोच्या आड डोळ्यांत तेल घालून बसला.

श्रद्धा आली. तिने अंगण झाडलं, खिडकी पुसली, यंत्राजवळ पाठमोरी जराशी रेंगाळली आणि आत गेली. दुसरं कोणी आलं नाही.

सातला झाकीरने कम्प्युटर उघडला. कोंडाजी ठोंबरे, हजर.

त्याला राग आला, आणि वाईटही वाटलं. पोर त्याच्या डोळ्यांदेखत मोठी झाली होती. पण वाईट वाटून हजेरी चालत नाही. दहा वाजता त्याने तिला सुप्रिया मॅडमच्या केबिनमध्ये उभं केलं. कामगारांच्या नेमणुका आणि बडतर्फ्या त्यांच्याच हातात होत्या.

"पिशवी दाखव गं," झाकीर म्हणाला.

पिशवीत डबा, ओढणी आणि एक चपटी डबी निघाली. डबीत पिवळं मेण होतं, आणि मेणावर अंगठ्याचा खोलगट ठसा.

"हे बघा, मॅडम!"

"बाबांच्या बोटांच्या भेगांना लावतो आमी. मेण आन खोबऱ्याचं तेल," श्रद्धा म्हणाली. "टाकीत ॲसिड असतंय. तुमाला ठाऊक हाय ना, झाकीरचाचा, त्यांची बोटं कशी झालीत?"

झाकीरला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी नोंदणीच्या दिवशी कोंडाजीने यंत्राला घाम फोडला होता. बोटावर रेषाच उरल्या नव्हत्या. "असं नाय, काका, असं सपाट दाबा," म्हणत झाकीरला तीन-तीनदा स्वतःचा अंगठा ठेवून दाखवावं लागलं, तेव्हा कुठं एकदाची नोंद झाली होती. त्यानंतरही कोंडाजी रोज अंगठा ठेवायचा आणि यंत्र हटकून घर्र करायचं. पण यादीत नाव असायचं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

"मंगळवारी कुठं होतीस?"

"बाबांना कर्जतला नेलं व्हतं, पलस्तर घालायला. कागद हाय माज्याकडं."

"म्हणूनच मंगळवारी हजेरी लागली नाही! मॅडम, आणखी काय पाहिजे?"

श्रद्धाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी त्या मशीनला फडक्याबिगर हात लावला नाय. आईची शप्पथ."

सुप्रिया मॅडमनी टेबलावरचं पत्र जवळ ओढलं. श्रद्धाला कामावरून काढल्याचं ते पत्र झाकीरने सकाळीच टाईप करून ठेवलं होतं, फक्त सही राहिली होती. त्यांनी पेन उघडलं, श्रद्धाकडे पाहिलं आणि पेन पुन्हा बंद केलं.

"मेणाचा ठसा चालतो की नाही, ते आधी बघू. तुम्ही बाहेर जाऊन लावा, झाकीरभाई. मी ऑफिसात कम्प्युटरपाशी बसते."

झाकीर डबी घेऊन यंत्रापाशी गेला. श्रद्धा दारात उभी राहिली, कमलेशही आला. झाकीरने मेणाची वडी अलगद काढून काचेवर टेकवली.

घर्र.

त्याने ती उलटी करून पाहिली, तिरपी करून पाहिली. घर्र. घर्र.

"काही आलं नाही," खिडकीतून मॅडमचा आवाज आला.

"येईल, येईल. काच तेलकट झाली असेल," झाकीर म्हणाला. त्याने खिशातून रुमाल काढला, काच नीट घासून पुसली, आणि ती स्वच्छ झाली का ते बघायला सवयीने आपला अंगठा टेकवला.

टिंग.

"आता लावतो, मॅडम," तो म्हणाला.



"थांबा," सुप्रिया मॅडम म्हणाल्या. "आलंय नाव. कोंडाजी ठोंबरे, हजर."