मसुराचा भुसा

"गव्हाचं हे दुखणं रक्तातून येतं. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या," असं आहारतज्ज्ञ बाईंनी दोनदा बजावलं होतं. मार्लिसने मान डोलावली आणि त्यांनी दिलेला कागद पर्समध्ये कोंबला. तिच्या डोक्यात तेव्हा फक्त एमिल होता. पाच वर्षांचं पोर. गव्हाचा कण पोटात गेला तरी आडवं व्हायचं. बाकीचं घर कॅनडातल्या ससकॅचवानच्या गव्हावर तीन पिढ्या पोसलेलं. त्यांना काय धाड भरली होती?

तेव्हापासून ती मसुराच्या पिठाचे क्रॅकर, पातळ खारी बिस्किटं, करू लागली. मसूर त्यांच्याही शेतात व्हायचा, पण तो गव्हाच्याच ट्रकमधून फिरायचा. म्हणून पीठ सीलबंद पिशवीतलंच. त्यात तेल, मीठ, तीळ. गोळा दोन बटर पेपरांमध्ये ठेवून पातळ लाटायचा, काट्याने टोचायचा, कडा तांबूस होईपर्यंत भाजायचा. चर्चच्या बायकांनी पाककृतींच्या वहीसाठी कृती मागितली, तेव्हा ती मनातून सुखावली.

सासू मात्र नाक मुरडायची. युस्टिना अंगणापलीकडच्या छोट्या घरात राहायची आणि चाळीस वर्षं दर शनिवारी सगळ्या कुटुंबासाठी गव्हाचा दुमजली पाव, एका गोळ्यावर दुसरा गोळा बसवलेला, भाजायची.

"मसुराचा भुसा नुसता," ती म्हणाली. "गाईपुढे टाक, तीसुद्धा तोंड फिरवेल."

"असू दे, आई. पण एमिलला पाव द्यायचा नाही हं. चवीपुरताही नाही."

"एवढी म्हातारी झाले नाही अजून."

मार्लिस कामावर गेली की एमिल दुपारभर ओमाकडे, म्हणजे आजीकडे, असायचा. सोबत क्रॅकरचा डबा. पूर्वी तो तीन दिवस पुरायचा. आता रोज संध्याकाळी रिकामा परत येऊ लागला. एवढंसं पोर एवढं खाईल? मार्लिसच्या मनात पाल चुकचुकली. क्रॅकर कुत्र्याला आणि पोराच्या हातात पाव, दुसरं काय? तो कुत्रा, बूट्स, तर हल्ली पिंपासारखा झाला होता.

रविवारी जेवताना तिने नजर ठेवली. सासूचा हात सारखा टेबलाखाली जात होता. बाहीतून मनगट काडीसारखं दिसत होतं. सासरे गेल्यापासून ती वाळतच चालली होती. पण मार्लिसचे डोळे पोराच्या ताटावर.

"एमिल, ओमा तुला दुपारी काय देते रे?"

पोराने आजीकडे पाहिलं. "ते सांगायचं नाही."

"आमचं आहे काहीतरी," युस्टिना म्हणाली. "तू जेव."

मार्लिसने ताट बाजूला सारलं. मंगळवारी एमिलचं रक्त तपासायचं होतं. पुन्हा गहू निघाला, तर सासूशी कायमचं फाटणार होतं, आणि नवरा, जेकब, आईची बाजू घेणार की बायकोची, हे तिला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ती कामावरून लवकर परतली, तोच निकाल आला. गव्हाने रक्तात वाढणारा आकडा कधी नव्हे इतका खाली. कित्येक महिन्यांत पोराच्या पोटात गहू गेलेलाच नव्हता.

ताज्या क्रॅकरचा डबा घेऊन ती तशीच अंगण ओलांडून गेली. मनात हजार वेळा माफी मागत होती. दार उघडंच होतं. एमिल कोचावर झोपला होता. पावाची ताटली खाली, बूट्सच्या तोंडासमोर. आणि टेबलाशी युस्टिना, मांडीवर एमिलचा डबा, तोंडात क्रॅकर.

युस्टिनाने डबा मांडीवरून टेबलावर ठेवला.

"जेकबला सांगू नकोस," ती म्हणाली. "गहू पिकवणाऱ्याची बायको मी. लोक हसतील." मग डब्याकडे बघत म्हणाली, "हे खाल्लं की दुखत नाही गं. मला इतकी वर्षं वाटायचं, पाव खाल्ला की सगळ्यांच्याच पोटात दुखतं."

चर्चच्या वहीत मार्लिसच्या कृतीला एक पायरी जास्तीची आहे: 'क्रॅकर गार झाले की डबा लगेच झाकू नका. तुमच्याकडे पाव कोण भाजतं? तिच्याकडे थोडे घेऊन जा, आणि ती स्वतः काय खाते, ते एकदा बघून या.'