भारनियमनात शिडी

गुरुवारी अकरा ते पाच पायथागोरसचं समीकरण जातं, हे विसरून दिगंबर भिंत रंगवायला शिडीवर चढले. अकराला तिरप्या अंतरांचा भरवसा संपला. ते एक पायरी उतरले की खाली दोन वाढत.

बायकोने, कुमुदने, समीकरण कार्यालयात फोन लावला.

"ताई, अडीच हजार वर्षं जुनं समीकरण आहे, विश्रांती द्यावीच लागते. पाचला येईल."

"मग हे उतरतील ना?"

"पाचपासून गुरुत्वाकर्षण बंद."

"अगं, काय म्हणतायत?" दिगंबर वरून ओरडले.

"पाचनंतर पडणार नाही म्हणतायत!"

नवरा आभाळात जाऊ नये म्हणून कुमुदने कपड्यांची दोरी सोडून घेतली. ती दोरी तिरप्या शिडीवरून त्यांच्यापर्यंत पोचेल का, हे पाचपर्यंत कुणालाच सांगता येणार नव्हतं.