रिकामी दाढ

"काकू, हे दात खरे आहेत का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिने मातीकामाच्या क्लासच्या शिल्पकार काकूंना बिनधास्त विचारलं. फळीवर चिनीमातीचे जबडे ओळीने मांडलेले होते.

"खरेच गं. डेंटिस्ट देतो. हिरड्या भट्टीत भाजायच्या, मग गोंदाने दात बसवायचे."

एका जबड्यात दाढेची जागा रिकामी होती. तिने तिथे बोट घातलं. भाजलेली माती टणक लागायला हवी होती, पण ही कोमट आणि मऊ होती. बोटावर बुळबुळीत लाळ आली.

"शीऽऽ!"

क्लास सोडायचा, हे तिने रस्त्यातच ठरवलं. घरी आल्या आल्या आई-बाबांना तसं सांगून टाकलं आणि तीनदा साबणाने हात धुतले.

जेवताना तिची दाढ अलगद ताटात पडली. रक्त नव्हतं. मुळाशी वाळका गोंद होता.

"आई, बाबा, क्लास सोडायचं रद्द. ही उद्या काकूंना नेऊन देणार, त्या रिकाम्या जागेसाठी."