पहिली ओंजळ

"एकूण अठ्ठावीस लाख गेले, नुसती फरशीच सहा लाखांची!" पोहण्याच्या तलावाच्या काठावर बंगल्याचे मालक पाहुण्यांना सांगत होते.

गेटातून जेसीबी शिरेना, म्हणून विहिरी खणणाऱ्या यल्लव्वानं आपली माणसं घेऊन हा तलाव दीड महिना कुदळीनं खणला होता. पाणी लागलं की पहिली ओंजळ खणणाऱ्याची, ही त्यांची रीत. आज तलाव भरला, तशी ती नारळ घेऊन आली आणि काठाशी वाकली.

"ए बाई, हात घालू नकोस! पाणी नासेल," मालक ओरडले.

यल्लव्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दीड महिना ह्याच हातांनी खणलं, तवा बरं चाललं!" नारळ तिनं न फोडताच पदरात बांधला. "अठ्ठावीस लाख घालून ओंजळभर पाण्याला महाग झालेल्या घरात आमी नारळ फोडत नसतो."