शेवटच्या सुरानंतर

"गाण्याचा आवाज अजून मोठा पाहिजे," कंपनीच्या माणसाने फोनवर तिसऱ्यांदा बजावलं. "आजकाल लोक बसमध्ये गाणी ऐकतात. हळू गाणं म्हणजे बंद पडलेलं गाणं!"

जुनी गाणी नव्याने तयार करणाऱ्या भाचीने स्टुडिओत फोन ठेवून शेजारी पाहिलं. दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशी आत्या मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. चाळीस वर्षांपूर्वी तिने हे एकच गाणं रेकॉर्ड केलं आणि नंतर गाण्याचं नाव काढलं नाही. आज तिने होकार दिला, तरच ते पुन्हा लोकांपर्यंत जाणार होतं.

"मोठं केलंस की चूकही मोठी होईल," आत्या म्हणाली.

"चूक आहेच कुठे?"

"ते बाबांना ठाऊक. रेकॉर्डिंगला ते वादकांजवळ बसले होते. गाणं संपलं तसे ते व्हायोलिनवाल्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि तडक निघून गेले. मी गायकाच्या खोलीच्या काचेतून बघत होते. काय बिनसलं ते विचारायचा धीर कधी झालाच नाही मला."

आजोबांचा स्वभाव भाचीलाही माहीत होता. कौतुक करायची वेळ आली की त्यांना खोकला यायचा.

तिने बटणं फिरवली. हळू ते उचलायचं, मोठं ते दाबायचं आणि सगळं एका उंचीला आणून ठेवायचं, असलं हे काम. तिला ते मनापासून आवडत नसे. पण पोटापाण्याचा प्रश्न होता. तिने मूळ टेप लावली. गाण्याची हळुवार सुरुवात आणि शेवटची चढी ओळ, दोन्ही सारख्याच अंगावर आल्या.

आत्याने कानांवर हात ठेवले. "अगं बाई! ही मी आहे की नळावर भांडणारी कुणी?"

भाचीला हसू फुटलं. हसण्याच्या भरात टेप थांबवायची राहून गेली. शेवटचा सूर संपला. बाजारातल्या रेकॉर्डवर गाणं इथेच कापलेलं होतं, पण तेव्हाच्या रेकॉर्डिस्टने खोलीतला घुमारा विरेपर्यंत टेप चालू ठेवली होती. आता ती शांतताही मोठी झाली होती. आधी खरखर आली, मग खुर्ची करकरली. मग व्हायोलिनसमोरच्या माइकने पकडलेली एक पुटपुट स्पष्ट ऐकू आली.

"मी बाहेर जातो. रडू आवरत नाहीये. पोरीच्या गाण्यात माझा हुंदका नको."

दार लागल्याचा आवाज झाला आणि टेप संपली.

चाळीस वर्षं अडकलेला श्वास सुटावा तसा आत्याने मोठा सुस्कारा सोडला. एकाच वेळी ती रडत होती आणि हसतही होती. पर्स केव्हाच खाली पडली होती.

"पाठव गाणं," ती म्हणाली. "माझा आवाज होता तसा हळूच राहू दे. मोठं फक्त बाबांचं बोलणं कर."