चारच का?

बारक्याच्या पत्राला मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. दोन वर्षं ते शब्दकोशात पडून होतं. नेमकं कुठल्या पानाशी, तेही त्यांना ठाऊक होतं; कारण महिन्यातून एकदा ते काढून वाचायचे आणि परत तिथेच ठेवायचे.

पत्र लहान होतं. 'सर, देशातल्या सगळ्या रुग्णालयांत सीटी स्कॅन एकाच पद्धतीने व्हावा म्हणून समिती नेमली आहे. ती माझ्याकडे आली आहे. जितकी रुग्णालयं तितक्या तऱ्हा. रुग्णाला श्वास रोखायला सांगून कुणी लगेच बटण दाबतं, कुणी दहापर्यंत मोजतं. तुम्ही नेहमी चार मोजायचात. चारच का? कारण कळवाल का?'

'ती माझ्याकडे आली आहे.' म्हणजे बारक्या समितीचा प्रमुख; या एका वाक्याशी मास्तर दोन वर्षं अडून बसले होते.

बारक्या रुग्णालयात सीटी स्कॅनच्या यंत्रावर त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं होता. रुग्णाला टेबलावर सरळ झोपवायचं, हात डोक्यावर घ्यायला लावायचे, मग बाहेर येऊन काचेला नाक लावून त्याच्यावर नजर ठेवायची, एवढं त्याचं काम. बटण मास्तरांचं. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. माइकवर ते संथपणे म्हणत, "श्वास घ्या. रोखून धरा. एक... दोन... तीन... चार." आणि यंत्र घरघरू लागे.

पुढे मास्तर आणि ते यंत्र एकाच महिन्यात निवृत्त झाले. "दोघांचेही सुटे भाग मिळेनात," असं निरोपाच्या चहाला कुणीतरी म्हणालं, आणि मास्तर सोडून सगळे हसले.

नव्या यंत्रावर बारक्या बसला. मग मोठं रुग्णालय, मग परिषदा, मग वर्तमानपत्रात फोटो. तो फोटो मास्तरांच्या बायकोने कापून कपाटाच्या दारावर चिकटवला. कपाटात मास्तरांचे सदरे असत, त्यामुळे रोज सकाळी बारक्याचं तोंड बघूनच त्यांना अंगात सदरा घालावा लागे. बटण दाबून दाबून मास्तरांचा उजवा अंगठा कायमचा वाकडा झाला होता. त्याचा फोटो कुणी छापला नव्हता.

त्या सकाळी टपालाने एक पुस्तिका आली. समितीच्या नियमांचा मसुदा होता, सूचना महिनाअखेरपर्यंत मागवल्या होत्या. मास्तर लाल पेन्सिल घेऊन बसले. दुपारपर्यंत त्यांना शुद्धलेखनाच्या दोन चुका सापडल्या आणि बरं वाटलं. मग एकोणिसावं पान आलं.

'श्वास रोखल्यानंतर चार आकडे मोजून मगच स्कॅन सुरू करावा. तेवढ्या अवधीत छाती व पोट स्थिरावते.'

त्यांनी शेवटचं आभाराचं पान उघडलं. बत्तीस नावं होती. त्यांचं नव्हतं.

"चोर आहे लेकाचा," ते म्हणाले. "चार माझे. देशभर वाटत सुटलाय."

"आकडे कधीपासून तुमचे झाले?" बायको चष्मा पुसत म्हणाली. "मग पाच कुणाचे, शेजाऱ्यांचे?"

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"मला नाही कळत? परवा स्कॅनच्या त्या टेबलावर मीच झोपले होते ना? तीनपर्यंत कसाबसा दम धरला. चौथ्याला खोकला आला. फोटो हलला म्हणून पुन्हा झोपवलं. यंत्रावरची पोरगी म्हणते, आजी, चार मोजावेच लागतात, आता सगळीकडे तसंच ठरतंय."

"किती वेळा झोपवलं?"

"तीनदा."

मास्तरांनी अंगठा चोळला. एकदाच जायला हवे होते ते क्ष-किरण तिच्या अंगातून तीनदा गेले होते. हे त्यांना कळत होतं, तिला नाही.

तिने पुस्तिका उचलून झटकली, तशी आतून एक चिठ्ठी पडली. ती तिने मोठ्याने वाचली.

"'सर, तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून चारचं कारण आम्हीच शोधून लिहिलं. पण पद्धत तुमची आहे. तुमची हरकत नसेल, तर तिला तुमचंच नाव द्यायचं समितीने ठरवलं आहे. न विचारता कुठेच नाव घातलं नाही. नुसतं हो कळवा. तुमचा, बारक्या.'"

मास्तरांनी लाल पेन्सिल खाली ठेवली.

"देशभर तुमचं नाव होईल हो!" तिचा आवाज चिरकला. "आणि तुम्ही त्याला चोर म्हणता. लिहा आत्ताच. दोन अक्षरं तर लिहायची, हो म्हणून."

त्यांनी कागद घेतला. पहिला फाडला, दुसराही फाडला. तिसऱ्यावर लिहून लगेच पाकीट बंद केलं.

"जमलं एकदाचं?"

"जे माझं आहे ते माझं आहे, असं लिहिलंय."

"तोंड का पाडलंय मग?"

ते उठले. सदरा घ्यायला कपाटापाशी गेले, तेव्हा बारक्याच्या फोटोचा एक कोपरा सुटला होता. तो त्यांनी वाकड्या अंगठ्याने दाबून बसवला.

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. तिथे ते इतका वेळ उभे राहिले, की फळवाल्याने विचारलं, "काका, पत्ता चुकलाय का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "पत्ता बरोबर आहे."

पाकीट आत पडलं. त्यात दोनच वाक्यं होती.

'चारला काही कारण नाही, माझं नाव देऊ नका आणि तो नियम काढून टाका. आपल्या जुन्या यंत्राचं बटण अडकायचं, ते चौथ्यांदा दाबल्यावर लागायचं, आणि काचेशी उभ्या असलेल्या तुला कळू नये म्हणून मी मोठ्याने मोजायचो.'