मोकळं वावर

"सोसायटीच्या कटकटीला विटलोय हो भाऊ. दोन दिवस जरा मोकळं राहू द्या," असं म्हणत विसापूर किल्ला उतरलेली पुण्याची मंडळी भाजे गावात हौशीरामभाऊंच्या वावरात तंबू ठोकायला आली. भाऊंना त्यांची दयाच आली. "वावर आपलंच समजा, कसंबी ऱ्हावा," म्हणाले.

संध्याकाळी भाऊ पिठलं-भाकरी घेऊन गेले, तर तंबूंना नंबर पडले होते. आंब्याखाली गाडी कुणी लावायची यावरून दोघांची जुंपली होती, आणि शेकोटीभोवती चेअरमन-सेक्रेटरींची निवड चालली होती. शहरातल्या माणसांचा खेळ असंल, म्हणून भाऊ टोपली ठेवून घरी परतले.

सकाळी ते चहासाठी दूध घेऊन आले, तर बांधावर आडवा बांबू. पलीकडे गळ्यात शिट्टी अडकवलेले एक गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते.

"कुणाकडे जायचंय, काका?"

"आवं, वावर माजं हाय ह्ये."

"असं होय? थांबा हं, सेक्रेटरींना विचारून सांगतो."